बोमनचे बॉक्स फोडून कार्डं ऑनलाइन विकायची असतील तर

आधीच सांगतो, बोमन नावाच्या बेसबॉल कार्डांचे सीलबंद बॉक्स फोडून आतली कार्डं विकली की पैसे सुटतात असं रील्समध्ये जे दाखवतात ते अर्धंच खरं आहे. ज्याच्या बॉक्समधून गोल्ड ऑटो (ऑटो म्हणजे खेळाडूची सही असलेलं कार्ड) निघालं तोच आरडाओरडा करत व्हिडिओ टाकतो, बाकी ज्यांना कुठल्यातरी रिलीव्हरची, म्हणजे बदली पिचरची (बॉलरची), सही मिळाली ते गप घरी बसतात. सरासरी काढली तर बॉक्समधल्या कार्डांचे विकून येणारे पैसे बॉक्सच्या किमतीपेक्षा कमीच भरतात, आणि तसं नसतं तर दुकानदाराने बॉक्स तुम्हाला कशाला विकला असता, स्वतःच नसता का फोडला. तरीपण ज्याला फोडायची हौस आहे (मला आहे) त्याने विक्री नीट केली तर बऱ्यापैकी पैसे परत येतात, कधीकधी वरही राहतात, आणि तो सगळा फरक विक्रीतच पडतो, फोडण्यात तुमच्या हातात काहीच नसतं.

हे सगळं अमेरिकेतल्या हिशोबाने लिहितोय, न्यू जर्सी, टेक्सास, बे एरिया वगैरेत राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी. पोरगं लिटल लीगला (लहान पोरांच्या बेसबॉलला) जायला लागलं की घरात कार्डं शिरतातच. पुण्यात बसून अमेरिकेतून बॉक्स मागवायचे आणि परत तिकडेच कार्डं विकायची असं कोणाच्या डोक्यात असेल तर शिपिंग आणि कस्टममध्येच सगळं जाईल, त्या नादी लागू नका.

तुम्ही विकताय काय

प्रॉस्पेक्ट म्हणजे असा पोरगा जो अजून मेजर लीगमध्ये (बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये) आलेला नाही पण येईल आणि गाजेल असं सगळ्यांना वाटतंय. आपल्याकडे अंडर-१९ वर्ल्ड कपनंतर होतं ना, तसंच. २०१८ ला पृथ्वी शॉ कॅप्टन म्हणून कप जिंकून आला, त्याच वर्षी पहिल्याच टेस्टला सेंच्युरी ठोकली, तेव्हा त्याचं सहीवालं कार्ड बाजारात असतं तर लोकांनी काय भाव दिला असता, आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आयपीएलच्या ऑक्शनला त्याला कोणीच घेतलं नाही त्या दिवशी त्याच कार्डाचं काय झालं असतं, बघा विचार करून. बेसबॉलमध्ये हा प्रकार दर वर्षी शेकडो पोरांच्या बाबतीत चालतो. कोणी कॉलेजमधून किंवा हायस्कूलमधून जुलैच्या ड्राफ्टला (टीम नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) निवडला जातो, कोणी डॉमिनिकन रिपब्लिक नाहीतर व्हेनेझुएलातून सोळाव्या-सतराव्या वर्षीच साइन होतो, मग मायनर लीगच्या रूकी लीग, लो-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशा पायऱ्या चढायच्या, त्यात तीन-चार-पाच वर्षं जातात आणि बहुतेक पोरं मधेच गळतात. कार्ड मात्र पहिल्या पायरीलाच छापून येतं.

या धंद्यातलं मुख्य नाव बोमन. टॉप्सचा ब्रँड आहे, आणि टॉप्स २०२२ पासून फॅनॅटिक्सच्या मालकीची. वर्षातून तीन मोठे सेट येतात, उन्हाळ्याच्या तोंडावर साधं बोमन, नंतर बोमन क्रोम, आणि वर्षाच्या शेवटाकडे बोमन ड्राफ्ट ज्यात त्या वर्षी ड्राफ्ट झालेली पोरं असतात. कार्डावर फर्स्ट बोमनचा लहानसा लोगो असेल तर ते त्या पोराचं बोमनमधलं पहिलं कार्ड, आणि प्रॉस्पेक्टच्या बाजारात सगळा भाव त्या लोगोला. तोच खेळाडू पुढच्या वर्षी परत बोमनमध्ये आला आणि लोगो नसेल तर किंमत एकदम खाली. आरसी लिहिलेलं रूकी कार्ड वेगळं, ते मेजर लीगमध्ये खेळल्यानंतर येतं. नवीन माणसं या दोन्हीत हमखास घोळ घालतात आणि लोगो नसलेलं कार्ड फर्स्टच्या भावाने लिस्ट करून महिनोन्महिने वाट बघत बसतात.

दुसरा भेद कागद आणि क्रोम. एकाच बॉक्समध्ये दोन्ही निघतात. साधं कागदी कार्ड जवळजवळ फुकट, क्रोम म्हणजे चकचकीत, थोडं जड, आणि सही असलेलं क्रोम म्हणजे खरा माल. पाठीमागे नंबरात सीपीए आणि पुढे खेळाडूची आद्याक्षरं असली की ते क्रोम प्रॉस्पेक्ट ऑटो, ड्राफ्टमध्ये तेच सीडीए असतं. मग रंगांची शिडी. बिनआकड्याचं बेस ऑटो सगळ्यात खाली, त्यावर रिफ्रॅक्टर (प्रकाशात इंद्रधनुष्यासारखं चमकणारं) ४९९, पर्पल २५०, ब्लू १५०, ग्रीन ९९, गोल्ड ५०, ऑरेंज २५, रेड ५ आणि एकमेव सुपरफ्रॅक्टर. मधेमधे अजूनही रंग घुसवलेले असतात, दर वर्षी वाढतच चाललेत, पण ही शिडी पाठ असली की काम भागतं. आकडा म्हणजे तशी किती कार्डं छापली ते, तो कार्डावरच असतो, ४२/१५० असा.

कुठला बॉक्स घ्यायचा

हॉबी बॉक्समध्ये साधारण एक ऑटो, जंबोमध्ये तीन. हॉबीचा भाव दोनशे-तीनशे डॉलरच्या आसपास फिरतो, सेटमध्ये एखादं मोठं नाव असेल तर भाव नुसता पळतो. टार्गेट-वॉलमार्टमध्ये मिळणारे ब्लास्टर आणि मेगा बॉक्स स्वस्त असतात, त्यात ऑटो निघायची शक्यता फारच कमी, मेगामध्ये मोजो रिफ्रॅक्टर (रिफ्रॅक्टरचाच एक नक्षीदार प्रकार) मिळतात त्यांना बऱ्यापैकी गिऱ्हाईक असतं. पोराबरोबर मजा म्हणून फोडायचं तर मेगा घ्या. विकायच्या हिशोबाने फोडायचं तर जंबो, कारण एका ऑटोवर सगळी भिस्त ठेवण्यापेक्षा तीन बरी, आणि बॉक्सची किंमत भागिले ऑटो असा हिशोब केला तर बहुतेक वेळा जंबोच स्वस्त पडतो.

ब्रेक नावाचा एक प्रकार आहे, लाइव्ह व्हिडिओवर कोणीतरी बारा बॉक्सची पेटी फोडतो आणि तुम्ही फक्त एका टीमचे पैसे भरता, त्या टीमचं जे निघेल ते तुमचं. यांकीज, डॉजर्स महाग, ज्या टीमचा त्या सेटमध्ये एकही बरा पोरगा नाही ती दहा-वीस डॉलरला. माझं मत विचाराल तर पैसे करायचा हा मार्ग नाही, ब्रेकर सगळ्या टीम विकून बॉक्सच्या किमतीच्या वरच पैसे गोळा करतो, म्हणजे तुम्ही सुरुवातच तोट्यातून करता.

बॉक्स घ्यायच्या आधी चेकलिस्ट वाचा. कंपनी ती आधी जाहीर करते, कोणाकोणाचं ऑटो आहे त्याची यादी असते. ती यादी आणि एमएलबी पाइपलाइन किंवा बेसबॉल अमेरिकाची टॉप १०० प्रॉस्पेक्टची यादी समोरासमोर ठेवा आणि मोजा की साठ-सत्तर ऑटोपैकी किती पोरांना खरंच मागणी आहे. पाच-सहाच निघाली तर तो सेट सोडून द्या किंवा बॉक्सऐवजी आवडत्या पोराचं सुटं कार्ड घ्या. पिचर जास्त असतील तर अजून सावध, पिचरचं कोपर कधी जाईल सांगता येत नाही आणि टॉमी जॉन सर्जरी झाली की वर्ष-सव्वा वर्ष गेलं, बाजार तेवढा थांबत नाही. म्हणून बॅट्समनला, म्हणजे हिटरला, नेहमी जास्त भाव.

फोडताना

टेबल पुसून कोरडं करा, चहा-कॉफी दुसऱ्या टेबलावर. समोर पेनी स्लीव्हचा (पातळ प्लास्टिकच्या पाकिटांचा) गठ्ठा, टॉपलोडर (कडक प्लास्टिकची पाकिटं), आणि एक पांढरा दिवा. पॅक वरून फाडायचा, आतल्या कार्डांच्या कोपऱ्याला नख लागणार नाही असा, आणि गठ्ठा एकदम बाहेर काढून पालथा ठेवायचा. क्रोमची कार्डं एकमेकांना चिकटलेली असतात, ती सोलल्यासारखी ओढायची नाहीत, बाजूला सरकवून सोडवायची, नाहीतर पृष्ठभागावर ओरखडा उठतो. ऑटो किंवा आकडेवालं काही दिसलं की कडांना धरून थेट स्लीव्हमध्ये. स्लीव्हच्या तोंडाचा एक कोपरा कात्रीने आधीच तिरका कापून ठेवला तर कार्ड आत जाताना कोपरा अडकत नाही, कोपरे मुडपतात ते बहुतेक वेळा इथेच. मग टॉपलोडरमध्ये.

आता कार्ड दिव्याखाली तिरकं करून बघा. वरून खालपर्यंत केसासारखी बारीक रेघ दिसली तर ती प्रिंट लाइन, फॅक्टरीतूनच येते, कार्ड पॅकमधून आत्ता काढलंय म्हणून ते परफेक्ट असतं असं नाही. चारी बाजूची बॉर्डर सारखी आहे का, मागच्या बाजूला कडांना पांढरं दिसतंय का, सही पुसट किंवा कार्डाबाहेर गेलेली आहे का. जे दिसलं ते लक्षात ठेवा, लिस्टिंगमध्ये लिहायचंय. कापडाने घासून, पॉलिश लावून वगैरे दुरुस्ती करायला जाऊ नका, कार्डाची अवस्था तपासून मार्क देणाऱ्या ग्रेडिंगवाल्यांना कळतं आणि ते कार्डाला हात लावत नाहीत.

एखाद वेळी ऑटोच्या जागी रिडम्प्शन कार्ड निघतं, म्हणजे पोराने अजून सह्या करून दिलेल्या नाहीत, कोड कंपनीच्या साइटवर टाका, कार्ड नंतर येईल. त्यावर मुदत असते. ते विकायचं असेल तर कोड खरवडूच नका, आहे तसं विका आणि फोटोत कोड झाकलेला दिसू दे.

भाव काढायचा कसा

ईबेवर लोक काय मागतायत ते बघू नका, मागायला कोणी काहीही मागतो. फिल्टरमध्ये सोल्ड आयटम लावा आणि तंतोतंत तेच कार्ड शोधा, तोच सेट, तोच रंग, ऑटो की बिनऑटो, ग्रेडेड की रॉ (ग्रेड न केलेलं). शेवटच्या तीन-चार विक्री बघा आणि तारखा बघा, प्रॉस्पेक्टच्या बाबतीत तीन आठवड्यांपूर्वीचा भाव म्हणजे शिळा भाव. ईबेवर बेस्ट ऑफर घेऊन विकलेल्या कार्डाचा आकडा खोडलेला दिसतो, खरा भाव त्याहून कमी असतो, तो १३० पॉइंट नावाच्या साइटवर फुकट बघता येतो.

तुमच्या रंगाची एकही विक्री सापडत नसेल, म्हणजे ऑरेंज २५ चं आहे आणि कोणी विकलेलंच नाही, तर त्याच पोराच्या बेस ऑटोचा आणि ब्लूचा भाव काढा, मग त्याच्याच तोडीच्या दुसऱ्या पोराच्या ऑरेंज आणि बेसमध्ये किती पट फरक पडतो ते बघा आणि तोच पट इथे लावा. ठोकताळाच आहे, पण हवेत आकडा टाकण्यापेक्षा बरा.

कधी विकायचं

माझं सगळं म्हणणं खरंतर एवढ्याच भागात आहे. सेट बाजारात आल्यावर पहिले काही दिवस माल कमी आणि हाव जास्त असते, ज्याला ते कार्ड सगळ्यात आधी हवंय तो वाट्टेल ते देतो. मग ब्रेकर लोकांच्या पेट्या फुटतात, सगळेच एकदम लिस्ट करतात, आणि दोन-तीन आठवड्यांत बहुतेक पोरांचे भाव बसतात. म्हणून बॉक्स घ्यायचाच असेल तर रिलीजच्या दिवशी हातात यायला हवा आणि त्याच रात्री कार्डं लिस्ट व्हायला हवीत. शनिवार-रविवारी निवांत फोटो काढू म्हणालात तर तेवढ्यात भाव उतरलेला असतो. महिन्याभराने स्वस्त झालेला बॉक्स घेऊन फोडणं हा छंद झाला, त्यातून विक्रीला काही उरत नाही.

"पण पोरगा स्टार झाला तर?" हा प्रश्न प्रत्येकाला पडतो आणि याच प्रश्नापायी लोकांची कपाटं भरलेली आहेत. माइक ट्राउटचं उदाहरण सगळे तोंडावर फेकतात. २००९ ला पंचविसाव्या नंबरला ड्राफ्ट झालेला पोरगा, त्याचं बोमन क्रोम ड्राफ्टचं सहीवालं सुपरफ्रॅक्टर २०१८ ला कोणीतरी चारेक लाख डॉलरला घेतलं आणि ऑगस्ट २०२० मध्ये ते ३९ लाख ३६ हजार डॉलरला गेलं, तेव्हा ते जगातलं सगळ्यात महाग कार्ड होतं. बरोबर आहे. पण २००९ च्या त्याच ड्राफ्टमध्ये पहिल्या नंबरला ट्राउट नव्हता, स्टीफन स्ट्रासबर्ग होता. २०१० च्या जूनमध्ये पहिल्याच मॅचला त्याने १४ जणांना स्ट्राइक आउट केलं, तेव्हा कार्डांचं नुसतं वेड लागलं होतं लोकांना, आणि तीन महिन्यांत त्याच्या कोपरावर सर्जरी. आणि तो काही फ्लॉप खेळाडू नव्हे, २०१९ ला वर्ल्ड सिरीजचा एमव्हीपी झाला, तरीपण २०१० च्या जूनमधला तो ताप परत चढला नाही. त्या उन्हाळ्यात ज्यांनी विकलं त्यांचं भलं झालं.

अजून जवळचं उदाहरण जॅसन डोमिंग्वेस, यांकीजने २०१९ ला सोळाव्या वर्षी ५१ लाख डॉलर देऊन साइन केलेला. त्याचं फर्स्ट २०२० च्या बोमनमध्ये आलं आणि त्या वर्षी कोविडमुळे मायनर लीगचा सिझनच रद्द झाला. म्हणजे पोराने अमेरिकेत एकही प्रोफेशनल मॅच खेळलेली नाही आणि कार्डं हजारोंनी विकली जातायत! खेळलाच नाही तर आउट कुठून होणार, त्यामुळे भाव टिकून. तो मैदानात उतरला २०२१ ला, मग कुठे लोकांना कळलं की हा पण माणूसच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये मेजर लीगला आला, पहिल्याच बॅटला जस्टिन व्हर्लँडरला होम रन मारला, कार्डं परत उसळली, आणि दहाएक दिवसांत कोपराचं लिगामेंट गेलं. होम रनच्या त्या रात्री ज्याचं कार्ड लिस्टेड होतं त्याचं विकलं गेलं, जो आठवडाभर अजून वर जाईल म्हणून थांबला त्याचं राहिलं.

म्हणून माझा नियम असा की सगळं विकायचं, आणि ठेवायचं असेल तर त्याला कारण लागतं. कारण म्हणजे पोराला टॉप १०० च्या आत घ्यायची चर्चा आहे, किंवा महिनाभरात डबल-ए ला बढती मिळण्यासारखं खेळतोय, किंवा थंडीचे दिवस आहेत आणि बाजार मेलेला आहे म्हणून फेब्रुवारीपर्यंत, स्प्रिंग ट्रेनिंग (सिझनच्या आधीचा सराव) सुरू होईपर्यंत थांबतोय. नुसतं "मला वाटतं हा चालेल" याला कारण म्हणत नाहीत. आणि ठेवलेल्या पोराचे बॉक्स स्कोअर (मॅचचे स्कोअरकार्ड) आठवड्यातून दोनदा तरी बघायचे, एखाद्या रात्री दोन होम रन मारले की दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जायच्या आधी लिस्टिंग वर पाहिजे.

लिस्टिंग

फोटो पुढचा-मागचा, काळ्या किंवा पांढऱ्या साध्या कागदावर, टॉपलोडरमधून काढून फक्त स्लीव्हमध्ये, म्हणजे चमक येत नाही. आकड्याचा आणि सहीचा एकेक जवळून. काही खोट असेल तर तिचाही फोटो, लपवलंत तर कार्ड परत येणार आणि येण्या-जाण्याचा खर्च तुमच्या बोकांडी. टायटलमध्ये वर्ष, सेट, खेळाडूचं पूर्ण नाव, फर्स्ट, रंग, ऑटो, आकडा, टीम, या क्रमाने. "सुंदर", "दुर्मिळ", "गुंतवणूक" असले शब्द टाकून जागा घालवू नका, सर्च करणारा ते टाइप करत नाही. स्पेलिंग मात्र तपासा, लॅटिन नावांची लोक वाट लावतात आणि मग कार्ड सर्चमध्येच येत नाही.

ऑक्शन की फिक्स भाव? गरम नाव असेल, रोज पाच-दहा विक्री होत असतील, तर सात दिवसांचं ऑक्शन, रविवारी संध्याकाळी संपेल असं, कारण तेव्हा पूर्व किनारा जेवून आणि पश्चिम किनारा हिंडून फोनवर बसलेला असतो. ज्याला महिन्यातून एखादं गिऱ्हाईक येतं अशा पोराचं ऑक्शन लावलं तर तो एकटाच बिड करणार आणि कार्ड पाण्याच्या भावात जाणार, तिथे फिक्स भाव ठेवा, सोल्डच्या दहा-पंधरा टक्के वर, आणि ऑफर चालू ठेवा. पहिली ऑफर बहुतेक वेळा अपमान वाटावा अशी येते, रागवायचं नाही, मधला आकडा टाकून परत पाठवायची.

हिशोब आधीच करून ठेवा. १०० डॉलरला कार्ड गेलं की ईबे १३ टक्क्यांच्या वर कापतं, शिवाय ऑर्डरमागे काही सेंट, आणि ती फी गिऱ्हाइकाने भरलेल्या शिपिंग आणि टॅक्सवरही लागते. शिपिंग तुम्ही फुकट दिलं असेल तर पाचेक डॉलर ते, डॉलरभर पॅकिंग, हातात ८० च्या आसपास. ५ डॉलरच्या कार्डावर हाच हिशोब केलात तर रडू येईल, म्हणून स्वस्त कार्डं सुटी विकूच नका, एका टीमची दहा-पंधरा क्रोम एकत्र करून लॉट लावा.

नवीन खात्याला सुरुवातीला लिमिट असते आणि पैसे काही दिवस अडकवून ठेवतात. त्यामुळे मोठं कार्ड हातात यायच्या आधीच घरातली पाच-दहा बारीक कार्डं विकून खातं तापवून ठेवा.

पॅकिंग

पेनी स्लीव्ह, त्यावर टॉपलोडर, टॉपलोडरच्या तोंडावर रंगकामवाली निळी टेप, आणि टेपचं एक टोक दुमडून ठेवायचं म्हणजे घेणाऱ्याला नखाने ओरबाडावं लागत नाही. साधी पारदर्शक चिकटपट्टी लावू नका, ती काढताना कार्ड बाहेर सरकतं आणि कोपरा गेला की शिव्या तुम्हाला. मग टीम बॅगमध्ये (टॉपलोडर मावेल अशा प्लास्टिकच्या पिशवीत), दोन्हीकडून पुठ्ठ्याचे तुकडे, पुठ्ठ्यावर टेप, आणि बबल मेलर. हलवून बघा, आत काही सरकायला नको. २० डॉलरच्या आतलं रॉ कार्ड ईबेच्या स्टँडर्ड एन्व्हलपने जातं, डॉलरभरात काम होतं आणि ट्रॅकिंगही मिळतं, पण पाकीट जाड झालं किंवा वाकेना झालं तर पोस्टवाले कटकट करतात. त्यावरच्या किमतीला पोस्टाची ग्राउंड अॅडव्हान्टेज सेवा. ७५० डॉलर किंवा वर असेल तर सही घेऊनच डिलिव्हरी, नाहीतर "मिळालंच नाही" म्हटलं की ईबे तुमच्या बाजूने उभं राहत नाही.

महाग कार्ड पॅक करताना फोनवर व्हिडिओ काढा, कार्डावरचा आकडा दिसेल असा, पाकीट चिकटवेपर्यंत एकसलग. गिऱ्हाइकाने पैसे भरल्यावर मेसेज केला की जरा दुसऱ्या पत्त्यावर पाठवा, तर नाही म्हणायचं, ऑर्डर कॅन्सल करून परत घ्यायला सांगायचं. बाहेर पेमेंट करतो, फी वाचेल, असं म्हणणाऱ्याला ब्लॉक.

ग्रेडिंग करावं का

बहुतेक कार्डांना नको. पीएसए या ग्रेडिंग कंपनीची फी वीस-तीस डॉलरपासून पुढे, वर जाण्या-येण्याचं शिपिंग आणि विमा, आणि कार्ड परत यायला आठवडे, कधी महिने. त्या काळात पोरगा जखमी झाला, फॉर्म गेला, तर दहा ग्रेड येऊनही उपयोग नाही. माझा हिशोब साधा आहे, रॉ कार्डाचा भाव आणि पीएसए १० चा भाव यातला फरक सगळ्या खर्चाच्या तिप्पट असेल आणि दिव्याखाली मला एकही खोट दिसली नसेल तरच पाठवतो. कारण ९ आला तर बहुतेक वेळा रॉएवढाच भाव येतो, म्हणजे फी पाण्यात. बॉर्डर डोळ्याला एका बाजूला कलंडलेली दिसत असेल तर विषयच संपला, १० साठी दोन बाजूंच्या बॉर्डरचं प्रमाण साधारण ५५-४५ च्या आत लागतं. बेकेट ही दुसरी ग्रेडिंग कंपनी सहीला वेगळा ग्रेड देते आणि चार उपग्रेड छापते, जुन्या बोमनवाल्या लोकांना ते आवडतं, पण विकायला सोपं पीएसएच.

टॅक्स आणि व्हिसा, हे वाचाच

पहिल्या दिवसापासून एका शीटमध्ये लिहीत जा, बॉक्स कितीला घेतला, कुठलं कार्ड कितीला गेलं, फी किती, पोस्टेज किती. ईबेकडून १०९९-के फॉर्म (तुमची विक्री टॅक्सखात्याला कळवणारा) यायची मर्यादा २०२५ च्या कायद्याने परत २०,००० डॉलर आणि २०० व्यवहार अशी झाली, पण काही राज्यांची मर्यादा त्याहून कमी आहे, आणि फॉर्म आला नाही म्हणून नफ्यावर टॅक्स नाही असं अजिबात नाही. बॉक्सची पावती जपून ठेवा, खर्च दाखवायला तीच लागते.

आणि एच-१बी किंवा एफ-१ वर असाल तर हे वाचून उत्साहात दुकान उघडू नका. घरातली जुनी कार्डं काढून विकणं एक गोष्ट आहे, आणि दर महिन्याला बॉक्स घेऊन, फोडून, नफ्यासाठी सतत विकत राहणं दुसरी. ते परवानगीशिवाय केलेलं काम धरलं जाऊ शकतं, आणि दोन-चारशे डॉलरसाठी ग्रीन कार्डच्या रांगेतली जागा पणाला लावण्यात काहीही शहाणपणा नाही. आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, ऑफिसातल्या मित्राला नको.

उरलेल्या कागदी कार्डांचं काय

चार-पाच जंबो फोडले की घरात कागदी कार्डांचे खोके साठतात आणि बायकोचे (माझ्या बाबतीत आईचे सुद्धा, ती सहा महिने इकडे असते) प्रश्न सुरू होतात. ती पोस्टाने विकायला जाऊ नका, पोस्टेज कार्डांपेक्षा महाग पडतं. आधी एकदा यादी बघून चांगल्या पोरांची फर्स्ट कागदी कार्डं बाजूला काढा, पुढेमागे त्यांची डॉलर-दोन डॉलरची विक्री होते. बाकीची जवळच्या कार्ड शोला खोक्यासकट घेऊन जा, कोणीतरी डीलर दर हजार कार्डांमागे इतके अशा भावाने उचलतो, मिळतील तेवढे घ्या. तेही जमलं नाही तर पंधरा-पंधराचे गठ्ठे करून लिटल लीगच्या कोचकडे द्या नाहीतर हॅलोवीनला चॉकलेटबरोबर वाटा, पोरं चॉकलेट सोडून आधी कार्डंच बघतात.